रीस्टार्टच्या आधीची दोन मिनिटं

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘राउटरचे बिघाड आणि उपाय’ असं छापलंय. उपायांकडे येतोच. पण एक गोष्ट कित्येक वर्षं मनात घोळतेय, ती आधी सांगू द्या. नेट गेलं की आपला हात पहिल्यांदा राउटरच्या स्विचकडे जातो. बंद करा, चालू करा. हा उपाय लागू पडतो, मी नाकारत नाही. भरलेली मेमरी मोकळी होते, लाइन नव्याने जुळते. पण त्याच क्षणी बिघाडाचा पुरावाही जातो. घरगुती राउटरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, बहुधा रॅममध्येच असते. वीज गेली की वही कोरी. चोरी झालेल्या खोलीत पंचनाम्याआधी आपणच केर काढून ठेवावा, तसं हे आहे.

आमच्या घरी रोज संध्याकाळी नेट जायचं. दोन-तीन मिनिटांनी आपोआप यायचं, तासाभराने पुन्हा जायचं. हेल्पलाइनला फोन केला की एकच उत्तर, “सर, एकदा रीस्टार्ट करून बघा.” तीन आठवडे मी रीस्टार्ट करत होतो. पलीकडच्या मुलांवर माझा राग नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर पहिली ओळ तीच असते आणि माझी तक्रार त्या ओळीबद्दल आहे. “रीस्टार्ट करण्याआधी कोणते लाइट लागलेत ते सांगा,” एवढं त्यावर लिहिलं असतं, तरी माझे निम्मे दिवस वाचले असते. मग माणूस येऊन लाइन तपासून गेला. मी वाय-फायचं चॅनल बदललं, राउटरची जागा बदलली. फरक शून्य.

शेवटी एका संध्याकाळी ठरवलं, आज हात लावायचा नाही, फक्त बघायचं. नेट गेलं आणि राउटरचे सगळे लाइट एकदम विझले. मग एकेक करून लागले, जसे आपण स्विच चालू केल्यावर लागतात. ब्राउझरमध्ये राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. बऱ्याच राउटरांच्या ‘स्टेटस’ पानावर दोन वेळा दिसतात. यंत्र किती वेळ चालू आहे ही एक आणि इंटरनेटची जोडणी किती वेळ टिकून आहे ही दुसरी. पहिल्या रकान्यात आकडा होता चार मिनिटं! मी तर दिवसभर त्याला शिवलोही नव्हतो. म्हणजे लाइन निर्दोष होती, चॅनलही निर्दोष होतं. राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा उठत होता.

दोष राउटरला वीज पुरवणाऱ्या अडॅप्टरचा होता. पण त्याला मी आठवडाभर आधीच निर्दोष सोडला होता. मल्टिमीटर लावून पाहिला होता, चांगले १२ व्होल्ट. चूक अशी की तो राउटरला जोडलेला नसताना मोजला. रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या माणसाकडे बघून त्याला पोतं पेलेल की नाही, हे कळत नाही. अडॅप्टरमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून दाब स्थिर ठेवणारे भाग, उष्णतेने वर्षानुवर्षं सुकत जातात. संध्याकाळी सगळे घरी आले, सगळे फोन जोडले गेले, राउटरचे वाय-फायचे दोन्ही रेडिओ कामाला लागले, की तो जास्त करंट ओढतो आणि दमलेल्या अडॅप्टरचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कोसळतो. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या आतबाहेरचं धन-ऋण जुन्यासारखंच. तो बदलला त्या दिवसापासून नेट संध्याकाळी गेलेलं नाही.

शोधण्यावरून आठवलं. ‘पिंग’ हा दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारा छोटासा प्रोग्रॅम. तो माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये लिहिला, तोही नेटवर्क विचित्र वागतंय म्हणून. पाणबुडीच्या ‘सोनार’ या प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्रणेच्या आवाजावरून त्याला हे नाव दिलं. त्यांनीच ऐकलेला एक किस्सा लिहून ठेवलाय. एका प्रशासकाचं नेटवर्क मधूनमधून तुटायचं. त्याने पिंगचं उत्तर आलं की संगणक मोठ्याने “पिंग” म्हणेल अशी सोय केली, स्टिरिओचा आवाज चढवला आणि इमारतभर एकेक कनेक्टर हलवत फिरला. आवाज थांबला तिथे बिघाड! मला हा माणूस फार आवडतो. त्याने आधी कान दिला.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. उपाय भरभर सांगतो.

रीस्टार्टच्या आधी लाइटचा फोटो काढा आणि त्या दोन वेळा बघा. दोन्ही आकडे लहान असले तर वीज तपासा. यंत्राचा मोठा आणि जोडणीचा लहान असला तर बाहेरची लाइन. दोन्ही मोठे असूनही नेट नसेल, तर बहुधा घरातलं वाय-फाय, केबल किंवा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सेवा. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल लाइट असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. कपाटामागे फायबर दुमडली गेलीय का बघा. फायबरच्या टोकात डोकावू नका, तो लेझर डोळ्यांना दिसत नाही.

केबलने जोडूनही वेग ९५ एमबीपीएसच्या आसपास अडकला, तर केबलवर संशय घ्या. १०० एमबीपीएसला आठपैकी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारपैकी एक तार तुटली तरी नेट चालतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

पिंग पायरीपायरीने करा. आधी राउटर, बहुधा १९२.१६८.१.१, मग ८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर, मग एखाद्या साइटचं नाव. आकड्यांना उत्तर येतं, नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. संगणकाचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हीच चॅनलं एकमेकांवर चढत नाहीत, त्यातलंच एक निवडा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि राउटरच्या मागचं ते रीसेटचं बारीक भोक! पिन घालून ते दाबाल तर सगळ्या सेटिंग्ज जातात, पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीकडे लॉगिन होण्याचं, युजरनेम-पासवर्डसुद्धा. कागदावर लिहून ठेवल्याशिवाय तिकडे पिन नेऊ नका.

ज्यांनी अडॅप्टर आणलेत त्यांनी राउटरसकट पुढे या. टेबलाजवळ प्लग आहे, राउटर चालू ठेवूनच मोजू.