खुर्द्याची गणती
(खानापूर तालुक्यातील एका गावी १४ जानेवारी रोजी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

येथे जमलेले माजी सैनिक, वीरपत्नी आणि ग्रामस्थहो,

भारतीय सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती, कोडगूचे के. एम. करिअप्पा, १९५३ साली आजच्याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. मराठी माणसाला मात्र ही तारीख त्याआधीच ठाऊक असते, कारण १७६१ साली पानिपतही याच दिवशी झाले. मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, अशा सांकेतिक भाषेत ती बातमी दक्षिणेत आली, हे आपण शाळेत शिकलो. मोती कोण ते आपल्याला सांगता येते. खुर्दा म्हणजे साधा शिपाई. मी आज त्याच्याविषयी बोलणार आहे.

हलशीच्या कदंबांच्या या मुलखात देवळांच्या आवारात वीरगळ आढळतात, आपले कन्नड शेजारी त्यांना वीरगल्लु म्हणतात. खालच्या पट्टीत झुंज, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगापुढे बसलेला तो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, ही त्यामागची भावना. परंतु कितीतरी वीरगळांवर एकही अक्षर नाही. पुढे पहिल्या महायुद्धानंतर दख्खनच्या अनेक गावांत दगडी पाट्या बसल्या. या गावातून इतके जण युद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असे दोन आकडे त्यांवर कोरलेले असतात. तिथे गणती झाली, पण नावे पुन्हा राहिलीच.

ज्यांची नावे कोणीतरी नीट लिहून ठेवली, ती माणसे मात्र आजही आपल्याला भेटतात. बेळगावात जिचे केंद्र आहे त्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी १९४५ साली तिथेच सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन माघारी आणले, आणि ते स्वतः जिवंत परतले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परतलेल्या माणसाचा मान करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. वीरगळ उभा राहतो तो पडलेल्यासाठीच.

माजी सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिकल्या मिशांचे आजोबा येतात, पण शिपाई साधारण चाळिशीच्या आतबाहेरच पेन्शनीवर येतो. त्याची मुले शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात, आणि तो बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर पुन्हा गणवेश चढवून उभा राहतो. सव्वीस जानेवारीला आपण त्याला शाल-श्रीफळ देतो, त्याच्याविषयी दुसरेच कोणी बोलतात, आणि तो कोणत्या पलटणीत, कुठे होता हे न विचारताच कार्यक्रम संपतो. हे मला मनापासून खटकते.

आपल्या सीमाभागात तर नावाचा प्रश्न थेट पोटापाण्याचा होतो. घरी नाव मराठीत, शिधापत्रिकेवर कन्नडमध्ये आणि सैन्याच्या दप्तरी इंग्रजीत. भरतीच्या वेळी कारकुनाने ऐकले तसे लिहिले, लग्नानंतर पत्नीचे नाव बदलले आणि ते पलटणीला कळवायचे राहून गेले. नवरा असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर मात्र पीपीओवरचे, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून कौटुंबिक पेन्शन अडकते, आणि ती बाई प्रतिज्ञापत्रे घेऊन हेलपाटे घालत राहते. माझ्या स्वतःच्या मावशीला मी असे फिरताना पाहिले आहे. एका अक्षराचा फरक होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ग्रामपंचायतीत एक वही असावी. तीत गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाचे नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत, कागदपत्रांशी ताडून, आर्मी नंबर, हुद्दा, पलटण आणि पत्नीच्या नावासह लिहावे. चूक सापडली तर तो हयात असतानाच सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जावा. त्याच वहीत त्याने सांगितलेली हकिकत उतरवावी, आणि हे काम हायस्कूलच्या मुलांनी करावे, कारण त्यांना तिन्ही लिप्या येतात.

अशी एक वही मी आज सोबत आणली आहे. तिळगूळ नंतर वाटूया. आधी सुभेदारसाहेबांनी पुढे यावे, कागद मुलींकडे द्यावेत आणि आपले नाव सांगावे.