ग्रंथालयातल्या कम्प्युटरवरून उठताना

नमस्कार. आज मी एका ग्रंथालयाच्या कम्प्युटर विभागात बसलेय. अशा सगळ्यांच्या कम्प्युटरवर आपली माहिती कशी जपायची आणि इथे कसं वागायचं, ते सांगणार आहे. इथे शूटिंग करायची रीतसर परवानगी घेतलीय. कॅमेऱ्यात माझ्या मागची भिंतच येईल अशी जागा मुद्दाम निवडली, कारण पलीकडे लोक आपापली कामं करतायत आणि त्यांचे स्क्रीन तुम्हाला दिसायचं काही कारण नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी मी मेल बघायला बसले. मेलच्या साइटचा पत्ता टाकला, एंटर दाबलं. आता पासवर्ड विचारेल असं वाटलं, तर समोर थेट इनबॉक्स. माझा नव्हे! माझ्या आधी जे कोणी बसलं होतं त्यांचा. सगळ्यात वर नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं, अजून न उघडलेलं, ठळक अक्षरात. माझ्या छातीत धस्स झालं. चुकून क्लिक झालं असतं तर ते पत्र ‘वाचलेलं’ म्हणून साध्या अक्षरात दिसलं असतं, आणि कदाचित त्या व्यक्तीच्या नजरेतून सुटलं असतं. मी आधी लॉगआउट केलं. मग डाउनलोड्सचा फोल्डर उघडला. त्यात दोन बायोडाटा, एका ओळखपत्राचा फोटो आणि ‘आईचा रिपोर्ट’ नावाची एक फाइल. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी मागे सोडलेली.

इंटरनेटची सुरक्षा म्हटलं की आपल्याला लांब कुठेतरी बसलेला हॅकर आठवतो. इथे मात्र तुमच्या माहितीच्या सगळ्यात जवळ असतो तो तुमच्यानंतर याच खुर्चीत बसणारा माणूस. बहुतेकदा तो भला असतो. पण आपलं घर उघडं टाकून आपण त्या भरवशावर गावाला जात नाही ना?

म्हणून पहिली गोष्ट. टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. लॉगिन केल्यावर वेबसाइट ब्राउझरमध्ये एक छोटीशी खूण ठेवते, तिला कुकी म्हणतात. टॅब गेला तरी कुकी राहते आणि पुढच्या वेळी दार आपोआप उघडतं. त्या दिवशी माझ्यासमोर हेच झालं होतं. त्यामुळे उठण्याआधी प्रत्येक खात्यातून लॉगआउटचं बटण दाबूनच बाहेर पडायचं. ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं ब्राउझरने विचारलं तर नाही म्हणायचं.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी, चांगलंच आहे, जरूर वापरा. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. त्याच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या की हिस्टरी आणि कुकीज पुसल्या जातात. सगळ्या! एक जरी मागे उघडी राहिली तरी तुमचं लॉगिन तिथे जिवंत असतं. आणि डाउनलोड केलेली फाइल इन्कॉग्निटो पुसत नाही, ती फोल्डरमध्ये तशीच राहते. ती आपल्या हाताने काढायची, मग रिसायकल बिनमधूनही काढायची. बऱ्याच ग्रंथालयांत कम्प्युटर रीस्टार्ट केला की सगळं मूळ स्थितीला जाईल अशी सोय असते. तुमच्या इथे ती आहे का, हे काउंटरवर विचारा. असली तरी हाताने पुसायची सवय सोडू नका.

आता बँकेचं काम. ते इथे करू नका, असं मी स्पष्टच सांगते. कीबोर्डची वायर आणि कम्प्युटर यांच्यामध्ये बसणारं, बोटाच्या पेराएवढं एक उपकरण मिळतं. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण ते नोंदवून ठेवतं. तुमच्या ग्रंथालयात ते असेलच असं नाही, पण जिथे दिवसभर अनोळखी लोकांची ये-जा असते तिथे कोणी ते लावलं तर पटकन लक्षात येणार नाही. पैशाचं काम आपल्या फोनवर, मोबाइल डेटा चालू करून करा. मेलसारख्या महत्त्वाच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण, जसं फोनवरचा कोड, मागितली जाईल आणि नुसता पासवर्ड चोरून कोणाचं भागणार नाही.

सार्वजनिक वायफायवर शेजारचा माणूस तुमचं सगळं बघू शकतो, अशी जी भीती घातली जाते ती थोडी जुनी आहे. 2010 मध्ये फायरशीप नावाचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आलं होतं. पासवर्ड नसलेल्या वायफायवर शेजारी बसलेल्या माणसाच्या लॉगिनच्या कुकीज ते उचलायचं, आणि दोन क्लिकमध्ये तुम्ही त्याच्या खात्यात! तेव्हा अनेक मोठ्या साइट फक्त पासवर्डचं पान एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे सांकेतिक रूपात पाठवायच्या, पुढचं सगळं उघडंच. त्यानंतर हळूहळू सगळीकडे एचटीटीपीएस आलं, म्हणजे साइटशी होणारी सगळीच देवाणघेवाण एन्क्रिप्ट व्हायला लागली. आज नेटवर्कवरून बघणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर आहात ते कळू शकतं, तिथे काय लिहिलंत ते सहसा कळत नाही. मात्र ग्रंथालयाच्या नावाशी मिळतंजुळतं खोटं वायफाय कोणीही सुरू करू शकतं, तेव्हा नेमकं नाव विचारूनच जोडा. आणि एचटीटीपीएस दिसलं म्हणजे साइट खरी, असं मानू नका. फसवणाऱ्या साइटकडेही ते असतं. लोकांचा हाच गैरसमज होत होता म्हणून क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह काढून टाकलं.

आता नियमांकडे वळू. भिंतीवर लावलेला तो कागद कोणी वाचत नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. एक उदाहरण देते. बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातले सगळे कम्प्युटर बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने, एकाच आयपी अ‍ॅड्रेसने दिसतात. समजा एकाने इथून टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांना फाइल देतात त्या पद्धतीने, चोरीचा सिनेमा उतरवला, तर कॉपीराइट भंगाची तक्रार ग्रंथालयाच्या नावावर येते. एकाने एखाद्या साइटवर धुडगूस घातला आणि त्या साइटने तो पत्ता बंद केला, तर शेजारी परीक्षेचा अर्ज भरत बसलेल्या मुलीलाही ती साइट उघडणार नाही. तिने काहीच केलेलं नसताना.

स्क्रीनचंही तसंच आहे. तुमचा स्क्रीन येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतो, त्यात लहान मुलंही असतात. अश्लील किंवा अंगावर येणारं काही इथे उघडायचं नाही, यावर मला वाद घालावासा वाटत नाही. दुसऱ्याच्या स्क्रीनवर डोकवायचं नाही, हाही तितकाच पक्का नियम.

पण अशी पानं आपोआप अडवणाऱ्या फिल्टरबद्दल बोलायलाच हवं, कारण तो चुकतो. त्याला शब्द दिसतात, हेतू कळत नाही. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावातली काही अक्षरं जोडून एक शिवी होत होती! आजही स्तनांच्या कॅन्सरची किंवा गर्भनिरोधनाची माहिती शोधताना पान अडू शकतं. अशा वेळी गप्प बसून उठून जाऊ नका. काउंटरवर जा आणि ‘हे पान मला हवंय, उघडून द्याल का?’ असं विचारा. कशासाठी हवंय ते सांगायची गरज नसावी. माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे. ग्रंथालयांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे इफ्लाने, 2002 मध्ये इंटरनेटविषयी जाहीरनामा काढला, त्यात माहिती खुलेपणाने मिळण्याचीच बाजू घेतलीय.

कर्मचाऱ्यांकडून मदत जरूर घ्या, पण पासवर्ड आणि ओटीपी स्वतःच टाका. त्यांना सांगून टाकायला लावलंत तर त्यांनाही अवघड होतं. आणि प्रिंट दिली की लगेच प्रिंटरपाशी जाऊन उभे राहा. ट्रेमध्ये राहिलेला कागद कोणाच्याही हातात जातो.

आता जाता जाता एक काम माझ्यासोबत करा. फोन घ्या. गुगल खात्यात ‘सुरक्षा’मध्ये जा, तिथे ‘तुमची डिव्हाइस’ दिसतील. हे बघा, माझ्या यादीत फोन आहे, लॅपटॉप आहे, आणि हा तिसरा इथला, मघाशी तुम्हाला दाखवायला मी लॉगिन केलं होतं तो. त्यावर टॅप करायचं, साइन आउट. व्हॉट्सअ‍ॅप वेब वापरलं असेल तर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडा आणि तिथूनही बाहेर पडा. यादीत ओळखीचं नसलेलं काही दिसलं, तर आधी ते काढा आणि लगेच पासवर्ड बदला, आपल्या फोनवरून. मी थांबते, तुम्ही बघून घ्या.