हाडाला वेळ द्या

नमस्कार, श्रोतेहो. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर नवा दात, बसवून घ्यावं, असं तुमच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात असेल. मी दातांची डॉक्टर आहे. खर्च किती आणि दुखेल किती, हे दोन प्रश्न मला रोज ऐकू येतात. त्याआधी तुमचं हाड कसं आहे, हे विचारायला हवं. कारण त्या दाताला धरून ठेवणार असतं ते हाडच.

हे कळलं ते एका वेगळ्याच प्रयोगातून. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. सूक्ष्मदर्शकातून आत पाहता यावं म्हणून त्यांनी हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं. काम झाल्यावर ते काढायला गेले, तर निघेचना. हाड थेट धातूला भिडून वाढलं होतं. पुढे १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्टा लार्सन या पेशंटच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचेच स्क्रू बसवले गेले. जन्मापासून त्यांच्या जबड्यात दोष होता, खाणं-बोलणं अवघड होतं. २००६ मध्ये ते वारले, तेव्हाही ते स्क्रू त्यांना साथ देत होते.

आता तुमच्या जबड्यात काय घडतं ते सांगते. आम्ही हाडाला भोक पाडतो तेव्हा वरून सतत थंड सलाईनचं पाणी सोडतो. हाड मिनिटभर जरी ४७ अंशांच्या आसपास तापलं, तरी तिथल्या पेशी मरू लागतात. मग स्क्रू घट्ट बसतो. पण हा घट्टपणा नुसता दाबाचा असतो. नंतरच्या काही आठवड्यांत शरीर जखमी झालेलं जुनं हाड हटवतं आणि त्याच वेळी नवं घालू लागतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड उलट थोडी कमी होते. आणि नेमकं तेव्हाच पेशंटला वाटतं, आता काही दुखत नाही, शेंगदाणे खायला काय हरकत आहे? कृपया तेव्हा त्या बाजूने चावू नका. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात, तिथलं हाड विरळ असल्यामुळे, बरेचदा त्याहून जास्त वेळ लागतो. 'एका दिवसात दात' अशा जाहिराती तुम्ही पाहता. निवडक पेशंटना त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो, हे खरं. पण त्यांचंही हाड आपल्याच गतीने भरतं.

दाढ काढून वर्षानुवर्षं जागा रिकामी ठेवली, तर हाड झिजत जातं. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. मग हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया आणि वेगळा खर्च.

मिश्रीबद्दल मला विशेष बोलायचं आहे. आपल्याकडे अनेक आया-बहिणी सकाळी मिश्री लावतात आणि डॉक्टरांना सांगायला लाजतात. ताई, मावशी, अजिबात लपवू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. बिडी-सिगारेट, गुटखा यांचंही तेच. मधुमेह असेल तर आधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करा. साखर आटोक्यात असेल, तर इम्प्लांटला मधुमेहाची आडकाठी नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, तर तेही आवर्जून सांगा. वयाची अडचण बहुधा तरुणांनाच येते. जबडा वाढत असेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर बाकीचे दात पुढे सरकतात आणि इम्प्लांट मागे, खोल राहतं.

आणि प्रत्येक दातासाठी एक स्क्रू लागतोच असं नाही. आजोबांची खालची कवळी हलते, भाकरी चावता येत नाही, अशा वेळी पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवली, तरी जेवण पुष्कळ सुधारतं. माझ्या मते पैसे मोजके असतील, तर त्यांचा सर्वांत चांगला उपयोग हाच.

हा दात किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजू शकते आणि आतलं हाड गळू शकतं, तेही फारसं न दुखता. म्हणून दुखायची वाट पाहू नका. ब्रश करताना रक्त आलं, पू दिसला, तर लगेच दाखवा. एरवीही दर सहा महिन्यांनी.

शेवटी एक कामाची गोष्ट. कोणत्या कंपनीचं इम्प्लांट, किती लांबी-रुंदीचं, बॅच नंबर काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद घरच्या फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक कंपनीचे सुटे भाग वेगळे असतात. दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावात वरची कॅप सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरांना नेमका भाग त्यावरूनच मागवता येईल. नमस्कार.