पंधरा मिनिटांच्या संगीताला चार वर्षं

नमस्कार मंडळी.

संगीतकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेटी पुढ्यात घेऊन चाल लावणारा माणूस येतो. इथल्या, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातल्या, कंपोझरचं काम टेबलाशी बसून चालतं. साठ वादकांपैकी कोणी कुठल्या मात्रेला कुठला स्वर लावायचा, किती जोरात, गजाच्या कुठल्या टोकाने, हे सगळं त्याला कागदावर उतरवावं लागतं. आज त्यातल्या एकाच माणसाबद्दल बोलतो: जॉर्ज बेंजामिन. त्यांची कारकीर्द पाहिली की या कामाला वेळ का लागतो ते कळतं.

जन्म लंडनचा, १९६०चा. सोळाव्या वर्षी ते पॅरिसच्या कॉन्झर्वातोआर या संगीत विद्यालयात फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेस्सियां यांच्याकडे शिकायला गेले. मेस्सियां १९७८ला निवृत्त झाले, म्हणजे बेंजामिन त्यांच्या अगदी शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी. इथे आपला एक धागा लागतो. मेस्सियांना एका फ्रेंच विश्वकोशात ‘संगीतरत्नाकर’मधल्या १२० देशी तालांची यादी सापडली होती. तो ग्रंथ शार्ङ्गदेवाचा, आणि शार्ङ्गदेव १३व्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारी होता. वेरूळला जाताना वाटेत किल्ला लागतो, तीच देवगिरी. मेस्सियांनी ते ताल कानाने ऐकलेले नव्हते. लांब-आखूड कालमापांची यादी म्हणून त्यांनी ते वापरले. १९४१च्या त्यांच्या चौकडीत, म्हणजे चार वादकांसाठीच्या रचनेत, पहिल्याच भागात पियानोला तीन देशी तालांतून जुळवलेली १७ मापं दिली आहेत आणि २९ स्वरगुच्छ, म्हणजे एकदम वाजवायचे स्वर. दोन्ही चक्रं एकदम सुरू होतात. पुन्हा एकत्र यायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ गुच्छ वाजावे लागतील, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. आपल्या तबलजीला हे रुचायचं नाही. सम येतच नाही!

बेंजामिन तिथून केंब्रिजला संगीतकार अलेक्झांडर गोअर यांच्याकडे आले. १९८०च्या ऑगस्टमध्ये प्रॉम्स या लंडनच्या उन्हाळी संगीत महोत्सवात त्यांची ‘रिंग्ड बाय द फ्लॅट होरायझन’ ही रचना वाजली तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी आली ‘अ‍ॅट फर्स्ट लाइट’, फक्त १४ वादकांसाठी, इंग्रज चित्रकार टर्नरच्या एका सूर्योदयाच्या चित्रावरून सुचलेली. तालवाद्यवाल्याच्या सामानात तिथे एक वर्तमानपत्र आणि सपाट बुडाच्या पेल्यात सोडायचा पिंगपाँगचा चेंडूही आहे. गंमत वाटते, पण तेही तालात लिहिलेलं आहे.

एवढ्या लवकर नाव झाल्यावर पुढे घाऊक लिखाण व्हायला हवं होतं. झालं उलटंच. ‘सडन टाइम’ ही रचना जेमतेम पंधरा मिनिटांची, आणि तिला १९८९ ते १९९३ अशी चार वर्षं लागली. लय ताणायची, आखडायची, एकाच वेळी दोन वेगांनी चालवायची, आणि तरी साठ-सत्तर वादक एकत्र राहायला हवेत. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याने एक मात्रा चुकवली तर तालमीत अर्धा तास जातो, आणि ऑर्केस्ट्राची तालीम ठरलेल्या वेळेला संपते म्हणजे संपते. इतक्या कमी लिखाणावर घर चालत नाही. म्हणून १९८५पासून रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आणि २००१पासून किंग्ज कॉलेज लंडनमध्ये शिकवणं, शिवाय ऑर्केस्ट्रा चालवणं. हाताशी मोठं काम असलं की कंडक्टिंग बाजूला ठेवायचं.

ऑपेराला, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाला, तर ते वयाच्या चाळिशीनंतर वळले. नाटककार मार्टिन क्रिम्प भेटले आणि २००६ला ‘इन्टू द लिटल हिल’ झाली: दोन गायिका, १५ वादक, चाळीस मिनिटं. मग २०१२ला फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सला ‘रिटन ऑन स्किन’. एक जमीनदार, त्याची बायको आणि पोथी रंगवायला बोलावलेला तरुण. पुढे काय होतं ते आपलं जेवण व्हायचंय म्हणून सांगत नाही.

या कामाची रीत बघण्यासारखी आहे. आधी संहिता पूर्ण, मग संगीत. गायक आधीच ठरलेले, आणि बेंजामिन यांनी एकेकाला घरी बोलावून त्यांचे गळे तपासले: कुठला स्वर हलका लागतो, कुठे आवाज जाड होतो, श्वास किती पुरतो. त्या टिपणांवर स्वर लिहिले. तरुणाची भूमिका बेजुन मेहता यांची, म्हणजे मुंबईच्या झुबिन मेहतांच्या नात्यातले.

ऑपेरात नेहमी बिघडतं ते शब्दांचं. स्त्रीचा आवाज तार सप्तकात फार वर गेला की ई, ए, ओ सगळ्यांचा ‘आ’ होतो, शब्द कळेनासा होतो. दुसरं, ब्रास म्हणजे फुंकायची पितळी वाद्यं गळ्याच्याच पट्टीत घुसून गायकाला झाकतात. ‘रिटन ऑन स्किन’मध्ये महत्त्वाचा मजकूर गळ्याच्या मधल्या भागात ठेवलाय, गाणं चालू असताना ऑर्केस्ट्रा विरळ, ब्रासच्या तोंडाशी बहुधा म्यूट (आवाज दाबणारं बूच), आणि पूर्ण जोर येतो तो गायक गप्प असताना. शिवाय एक ग्लास हार्मोनिका आहे: काचेच्या वाट्या एका दांड्यावर ओवून फिरत्या ठेवलेल्या. जलतरंगाला काडीने मारतात, इथे ओलं बोट नुसतं टेकवायचं. बोटाला जरा तेलकटपणा असला की काच बोलत नाही. आवाज इतका बारीक की भोवतालच्यांनी थांबावंच लागतं, आणि कंपोझरला तसं लिहूनच द्यावं लागतं.

खर्चाचं गणितही असतं. ‘लेसन्स इन लव्ह अँड व्हायोलन्स’ (२०१८) सात ऑपेरागृहांनी मिळून मागवली. एकट्याला परवडत नाही, आणि पुढचे प्रयोगही त्यामुळेच ठरलेले असतात.

२०२३च्या ‘पिक्चर अ डे लाइक धिस’मध्ये मूल गेलेली एक आई आहे. एका दिवसात सुखी माणूस शोधून त्याच्या बाहीचं बटण आणलंस तर मूल परत मिळेल, असं तिला सांगितलेलं. किसा गोतमी आणि मोहरीची गोष्ट आपल्याला ठाऊक असल्याने हा ऑपेरा इथल्या प्रेक्षकांपेक्षा आपल्याला लवकर उलगडतो, असं माझं मत.

ऐकायची सुरुवात ‘रिटन ऑन स्किन’च्या चित्रफितीने करा, उपशीर्षकं लावून, दीड तास मोकळा ठेवून. ‘सडन टाइम’ मागाहून, आणि हेडफोनवर. गाडीत लावू नका. त्यातल्या हळू जागा इंजिनाखाली बुडतात आणि शेवटी एकटी उरणारी व्हायोला ऐकूच येत नाही.