माल किती भरावा?

श्रोतेहो, नमस्कार.

शहापूर-वडगावचा साडी व्यापारी असो, बेळगावच्या रविवार पेठेतला घाऊक किराणा विक्रेता असो की उद्यमबागेतला धातूचे ओतकाम करणारा फाउंड्रीवाला, माल किती भरावा किंवा किती काढावा या प्रश्नातून त्यांपैकी कोणाचीही सुटका नाही. जास्त भरला तर मुद्दल अडकते आणि व्याज चालू राहते. कमी भरला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानाची पायरी चढते. आजवर हा निर्णय अनुभवावर, गतवर्षीच्या वहीवर आणि थोडाफार दलालाच्या बोलण्यावर होत आला. आता मागणीचे पूर्वानुमान करणाऱ्या संगणक प्रणाली लहान व्यावसायिकांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्या उपयोगी आहेत, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्यांचे उत्तर आपण दिलेल्या नोंदींपेक्षा चांगले असू शकत नाही, आणि आपल्या बहुतेक नोंदी मागणीच्या नसून विक्रीच्या असतात.

हा फरक नीट पाहू. समजा, दसऱ्याच्या आधी एका रंगाच्या 40 साड्या दुकानात होत्या आणि त्या चार दिवसांत संपल्या. नंतरच्या सहा दिवसांत त्याच रंगाची विचारणा करणारे लोक आले आणि परत गेले. बिलांत त्या सहा दिवसांची विक्री शून्य दिसते. हीच बिले यंत्राला दिली तर ते समजेल की मागणी चार दिवसांत आटली, आणि पुढच्या वर्षीही 40 च साड्या भरायला सांगेल. म्हणजे गेल्या वर्षीचा तुटवडा यंत्राच्या हातून पुन्हा घडेल, तोही नव्या अधिकारवाणीने. यावरचा उपाय खर्चिक नाही. कोणता माल कोणत्या तारखेला संपला आणि त्यानंतर किती जणांनी विचारला, एवढे गल्ल्याजवळच्या एका वहीत रोज लिहिले तरी पुरते. 1 जुलै 2017 पासून जीएसटीमुळे आपल्याकडे विक्रीची बिले व्यवस्थित साठू लागली, पण परत गेलेल्या गिऱ्हाइकाचे बिल कोणीच फाडत नाही. सीमाभागात आणखी एक अडचण येते: एकच वस्तू एका बिलात मराठी नावाने, दुसऱ्यात कन्नड नावाने आणि तिसऱ्यात इंग्रजी संक्षेपाने नोंदलेली असते, आणि यंत्र तिला तीन वेगळ्या वस्तू समजते. वस्तूंची एकच यादी ठरवून सर्वांनी तीच वापरणे हे काम कंटाळवाणे आहे. तरीही सॉफ्टवेअर घेण्याआधी ते उरकावे.

दुसरी गोष्ट पंचांगाची. परदेशात तयार झालेल्या बहुतेक प्रणाली इंग्रजी महिन्यांवर चालतात आणि यंदाच्या सप्टेंबरची तुलना गेल्या सप्टेंबरशी करतात. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. 2026 मध्ये ती पुन्हा सप्टेंबरमध्ये, 14 तारखेला येते. सणाची खरेदी आधीच्या दोन-तीन आठवड्यांत होत असल्याने 2025 ची बरीचशी विक्री ऑगस्टमध्येच होऊन गेली, आणि तो ऑगस्ट जसाच्या तसा पुढच्या वर्षीसाठी वापरला तर अंदाज सपशेल चुकेल. 2026 मध्ये तर 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या काळात लग्ने लागत नाहीत, म्हणून बस्त्याची खरेदी मागे-पुढे सरकणार हे आपल्याकडे कोणीही सांगेल. यंत्राला मात्र ते सांगावे लागते. सणांच्या आणि विशेष दिवसांच्या तारखा वेगळ्या भरून देण्याची सोय फेसबुकने 2017 मध्ये खुल्या केलेल्या प्रॉफेटसारख्या अंदाज बांधणाऱ्या विनामूल्य साधनांतही आहे. बेळगावची वैशाखातली शिवजयंती आणि चित्ररथांची मिरवणूक, सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीची यात्रा, गावोगावच्या जत्रा या तारखा त्यात आपणच भरायच्या.

आता यंत्र आत नेमके काय करते, तेही थोडे सांगतो. जुनी आणि आजही टिकून असलेली एक पद्धत 1957 मध्ये चार्ल्स होल्ट यांनी मांडली आणि 1960 मध्ये पीटर विंटर्स यांनी तिला हंगामाची जोड देऊन वापरून दाखवली. तिचा गाभा सोपा आहे. गेल्या आठवड्याचा अंदाज 100 नगांचा होता आणि मागणी 120 आली, तर चूक 20 ची झाली. त्या चुकीचा ठरावीक हिस्सा, समजा तीन दशांश, जुन्या अंदाजात मिळवायचा आणि पुढचा अंदाज 106 करायचा. मग यंत्रशिक्षणाच्या, म्हणजे जुन्या नोंदींतून यंत्राने स्वतःच नियम शिकण्याच्या, नव्या पद्धती कशासाठी, असे कोणी विचारेल. 2020 मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीच्या विक्रीच्या रोजच्या नोंदींच्या 42,840 मालिकांवर अंदाज बांधण्याची एम-5 नावाची जागतिक स्पर्धा झाली, आणि तिच्यात यंत्रशिक्षणाचे गट पहिले आले, हे खरे. पण भाग घेतलेल्या हजारो गटांपैकी बहुसंख्यांना साध्या पद्धतीलाही मागे टाकता आले नाही, हेही तितकेच खरे. म्हणून कोणी प्रणाली विकायला आला, तर गेल्या वर्षीच्या आपल्याच आकड्यांवर ती चालवून दाखवायला सांगावे आणि ‘गेल्या सणाला खपले तेवढेच यंदा’ या फुकटच्या अंदाजापेक्षा तिची चूक किती कमी निघते, ते मोजावे. जो विक्रेता हे करायला तयार नाही, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

अंदाज चांगला आला तरी तेवढाच माल भरायचा, असे मात्र नाही, आणि इथे पुष्कळ लोक फसतात. अंदाज म्हणजे एक आकडा नव्हे, तर कमी-अधिक शक्यतांचा पट्टा असतो, आणि त्यातला कोणता आकडा धरायचा हे नफा-तोट्याच्या प्रमाणावर ठरते. बेळगावहून गोव्याला रोज भाजी जाते. समजा, मेथीची जुडी 10 रुपयांना घेऊन 15 ला विकली जाते आणि उरली तर फेकून द्यावी लागते. कमी पडली तर जुडीमागे 5 रुपयांचा नफा बुडतो, उरली तर 10 रुपये बुडतात. अशा वेळी तीन दिवसांपैकी दोन दिवस मेथी लवकर संपेल आणि एक दिवस थोडी उरेल, एवढीच ती घेणे हिशेबाला धरून आहे. उलट 1,200 ला घेतलेली साडी 1,500 ला जात असेल आणि सणानंतर 1,100 ला निघत असेल, तर कमी पडल्यास 300 बुडतात आणि उरल्यास केवळ 100. तिथे चार हंगामांपैकी तीन हंगामांत काही साड्या उरतील इतका साठा ठेवावा. दोन्ही व्यापाऱ्यांना यंत्राने एकच अंदाज दिला, तरी दोघांनी वेगवेगळा माल भरणे बरोबर ठरते.

उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्रींची गोष्ट निराळी. त्यांना ग्राहकाची मागणी थेट दिसतच नाही. मोठ्या कारखान्याचे शेड्यूल, म्हणजे कोणता माल कधी किती हवा याचे वेळापत्रक, हातात येते आणि महिन्याच्या मध्यावर बदलते. बाजारातली लहानशी चढउतार दुकानदाराकडून वितरकाकडे, तिथून कारखान्याकडे आणि शेवटी कास्टिंग (ओतीव भाग) करणाऱ्याकडे येईपर्यंत फुगत जाते, हे एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी 1961 मध्येच दाखवून दिले होते. पंपाचे कास्टिंग करणाऱ्याने केवळ शेड्यूलवर अंदाज बांधण्यापेक्षा पावसाचे मान आणि जमल्यास वितरकाकडचा शिल्लक साठा पाहिला, तर अंदाजाची चूक कमी होण्याचा संभव अधिक.

काही घटना मात्र जुन्या आकड्यांत सापडतच नाहीत. 15 ऑगस्ट 2025 रोजी जीएसटी कमी होणार असल्याचे जाहीर झाले आणि नवे दर 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाले. मधल्या काळात ज्यांना थांबणे शक्य होते त्यांनी दुचाकीसारखी खरेदी लांबवली. तो पाच आठवड्यांचा शुकशुकाट आणि नंतरची झुंबड यांवर खूण करून ठेवली नाही, तर यंत्र तो दरवर्षीचा हंगाम समजेल. पावसाळ्यात गोव्याकडे जाणारा चोर्ला किंवा अनमोड घाट बंद पडला, तरी तेच. अशा वेळी यंत्राचा आकडा माणसाने बदलणे योग्यच आहे. मात्र बदल करताना मूळ आकडा, नवा आकडा, कारण आणि बदलणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी ते पान उघडले की घाट बंद असल्याचे पाहून केलेला बदल बहुधा बरोबर ठरलेला दिसतो, आणि ‘यंदा बाजार तेजीत आहे’ एवढ्याच कारणावर वाढवलेला माल बहुधा गोदामातच असतो.