अर्जाबरोबर फाईल फिरवू नका

नमस्कार. आज मी कॅमुंडा ७ डोळ्यांसमोर ठेवून बोलणार आहे. अर्जासारखं काम ठरलेल्या पायऱ्यांनी पुढे नेणारं हे जावामधलं इंजिन. ते २०१३ साली ॲक्टिव्हिटी या तशाच इंजिनापासून वेगळं झालं, फ्लोएबल २०१६ साली. तिघांची नाळ एकच, त्यामुळे यातलं बरंचसं तिन्हीकडे लागू पडेल.

कर्जमंजुरीची एक प्रणाली माझ्याकडे होती. महिनाअखेरीला सर्व्हर पडायचा, आणि प्रत्येक वेळी उपाय एकच: मेमरी वाढवा. कारण असं दिलं जायचं की हजारो अर्ज प्रलंबित आहेत. हे कारण मला पटत नव्हतं. अर्ज अधिकाऱ्याकडे आठ दिवस पडून असला, तर ते आठ दिवस तो मेमरीत नसतोच, डेटाबेसच्या टेबलांत असतो. अधिकाऱ्याने ‘मंजूर’ दाबलं की इंजिन तो उचलतं, पुढच्या थांब्यापर्यंत नेतं आणि पुन्हा लिहून ठेवतं. म्हणून मी आधी विचारतो, की या क्षणी किती अर्ज चालताहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर ओझं किती.

आम्ही हीप डंप, म्हणजे जावाच्या हीप या कामाच्या मेमरीची त्या क्षणीची प्रत, काढला आणि मेमरी ॲनालायझर या तपासणीच्या साधनात उघडला. वर दिसले ते अजस्र बाइट ॲरे, म्हणजे बाइटांच्या सलग रांगा. कुणीतरी सोयीसाठी अर्जदाराचे स्कॅन केलेले कागद बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, नाव-पत्त्यासकट एकाच जेसन व्हेरिएबलमध्ये, म्हणजे अर्जाबरोबर फिरणाऱ्या एका मजकुरी नोंदीत, घातले होते.

आता हिशेब करू. बेस-६४ मध्ये ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे ३ एमबीचा कागद ४ एमबी झाला. जावा ९ पासून स्ट्रिंगमधली, म्हणजे मजकुरातली, सगळी अक्षरं लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या संचात बसत असतील, तर प्रत्येक अक्षराला एकच बाइट लागतो. पण एक जरी अक्षर त्याबाहेरचं असलं, तर संपूर्ण स्ट्रिंग दर अक्षरी दोन बाइटांनी साठवली जाते. अर्जदाराचं नाव देवनागरीत असलं की सगळं जेसन एका स्ट्रिंगमध्ये येताना त्या ४ एमबीचे ८ होतात. आमच्या चाचणीच्या अर्जांत सगळी नावं रोमन लिपीत होती. खरे अर्ज मराठीत आले. तेव्हापासून मराठी नावांशिवाय केलेली चाचणी मी चाचणी धरत नाही, आणि तुम्हीही धरू नका.

पुढचं तर अजून बारीक आहे. २ जीबी हीपवर जी-१ कलेक्टर, म्हणजे वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग, साधारण १ एमबीचे कप्पे पाडतो. अर्ध्या कप्प्यापेक्षा मोठ्या वस्तूला सलग मोकळे कप्पे लागतात. ८ एमबीच्या स्ट्रिंगला आठांहून अधिक सलग कप्पे हवेत. एकूण मोकळी जागा पुष्कळ दिसत असतानाही मेमरी संपल्याची तक्रार येते, ती अशी. त्यात जॉब एक्झिक्यूटरचे, म्हणजे पार्श्वभूमीत कामं उरकणाऱ्या इंजिनाच्या भागाचे, १० थ्रेड (समांतर चालणारे धागे) एकाच वेळी असे अर्ज उचलतात.

उपाय साधा होता. कागद फाईल-साठ्यात ठेवला आणि व्हेरिएबलमध्ये फक्त त्याचा क्रमांक. इंजिन इतिहास किती तपशिलात ठेवतं ती पातळी ‘फुल’ असल्यामुळे तोच मजकूर डेटाबेसमध्ये चालू व्हेरिएबल, त्याची ऐतिहासिक नोंद आणि प्रत्येक बदलाचा तपशील असा तीनदा लिहिला जात होता, तेही थांबलं.

एक सवयही मोडावी लागली. एका रकमेसाठी कोड सगळे व्हेरिएबल्स मागत होता, म्हणजे सगळे वाचले जायचे, उलगडले जायचे. हवं तेवढंच नावाने मागा.

समांतर मल्टी-इन्स्टन्सबद्दल, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी तीच पायरी एकाच वेळी चालवण्याबद्दल, मात्र थोडं थांबून सांगतो. १०,००० हप्त्यांची यादी तिथे दिली की इंजिन १०,००० एक्झिक्युशन्स, म्हणजे चालू कामाच्या नोंदी, डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) तयार करतं. त्यांचे व्हेरिएबल्स आणि इतिहासाच्या नोंदीही सोबत येतात, आणि कमिट होईपर्यंत, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्कं लिहिलं जाईपर्यंत, ते सगळं मेमरीत राहतं. आतल्या कामाला ‘असिंक’ची, म्हणजे नंतर वेगळं चालवण्याची, खूण लावून हे सुटत नाही, कारण त्या नंतरच्या कामांच्या नोंदी, म्हणजे जॉब्जही, त्याच व्यवहारात जन्मतात. आम्ही यादीचे छोटे गट केले आणि गटागटाने स्वतंत्र प्रोसेस सुरू केली.

कंटेनरचं, म्हणजे प्रोग्रॅम ठराविक मेमरीत बंद करून चालवण्याच्या डब्याचं, थोडक्यात सांगतो. काही न सांगितल्यास जावा कंटेनरच्या मेमरीचा पावच हिस्सा हीपला देतो. उलट हीप कंटेनरइतकाच केला, तर थ्रेडचे स्टॅक आणि मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची जागा) यांना हीपबाहेर जागा उरत नाही, आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रक्रिया मारून टाकतो. बाहेर पडताना १३७ हा आकडा दिसला तर आधी इथे बघा.

राहिला प्रश्न आधीच चालू असलेल्या अर्जांचा. त्यांच्या पोटात जुनं जेसन होतंच. आम्ही कोडला दोन्ही रूपं वाचायला शिकवलं: क्रमांक असेल तर साठ्यातून आण, नसेल तर जुन्या जेसनमधून. नव्या आवृत्तीचे अर्ज क्रमांकच घेऊन निघाले. शेवटचा जुना अर्ज निकाली निघाल्यावर ती दुसरी वाट आम्ही कोडमधून काढून टाकली.