२.२० म्हणजे नेमकी किती जमीन?

फळ्यावर एक आकडा लिहिला आहे: २.२०. रकान्याचं नाव ‘क्षेत्र’. सांगा, जमीन किती?

हेक्टर-आर धरलं तर २ हेक्टर २० आर. एकर-गुंठे धरलं तर २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर, जेमतेम १.०१ हेक्टर. आकडा तोच, जमीन निम्म्याहून कमी.

इथेच तीन शब्द वेगळे करून घ्या. आकडा कसा लिहायचा, टिंब कुठे, टिंबानंतर अंक किती, हे सिंटॅक्स. तक्त्यात रकाने कोणते, कोणता रिकामा सोडलेला चालत नाही, कशात संख्या नि कशात मजकूर, हा स्कीमा. आणि तो आकडा शेतातल्या कोणत्या गोष्टीबद्दल बोलतो, ते सिमँटिक्स, म्हणजे अर्थ. पहिल्या दोन्हींतली चूक संगणक पकडतो. अर्थातली चूक तो मुकाट्याने पुढे पाठवतो, म्हणून ती सगळ्यात महाग पडते.

फसगत कशी होते पाहा. १ हेक्टर म्हणजे १०० आर, त्यामुळे तिथलं टिंब दशांशचिन्ह मानलं तरी हिशेब जुळतो. एकरात मात्र गुंठे ४०. १.३० अधिक १.३० ची बेरीज एक्सेल २.६० देतं, खरी बेरीज ३ एकर २० गुंठे. शिवाय संख्येच्या रकान्यात २.२० चं २.२ होतं आणि पुढचा माणूस ते २ एकर २ गुंठे वाचतो. अठरा गुंठे गेले! उपाय सोपा: एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, किंवा सगळं चौरस मीटरमध्ये आणा (१ आर = १०० चौ.मी., १ गुंठा = सुमारे १०१.१७ चौ.मी.). आर आणि गुंठा एकच समजू नका. फरक छोटा आहे, पण तालुकाभराच्या बेरजेत तो दिसतो.

एकक लिहिलं म्हणजे झालं असंही नाही. सातबाऱ्यावर लागवडयोग्य क्षेत्र वेगळं, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा, एकूण वेगळं. १.८० लागवडयोग्य आणि ०.२० पोटखराबा असेल, तर हेक्टरी उत्पादन काढताना भागायचं कशाने? ‘क्षेत्र’ हे नाव इथे अपुरं आहे. ‘लागवडयोग्य_क्षेत्र_चौमी’ असं नाव द्या आणि शेजारी एका वाक्यात व्याख्या, स्रोत नि नोंदीची तारीख लिहा. हाच मेटाडेटा. रिकामी चौकट म्हणजे शून्य, की नोंदच घेतली नाही, हेही त्यातच सांगा.

शब्दांचीही तीच गत. एकाने ‘जिरायत’ लिहिलं, दुसऱ्याने ‘जिराईत’, तिसऱ्याने ‘कोरडवाहू’. गणतीत तीन प्रकार झाले. म्हणून ठरीव शब्दयादी लागते: एक मुख्य शब्द, बाकीचे त्याचे पर्याय. २००९ साली डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणारी संस्था) मान्य केलेल्या स्कॉस (SKOS) या शब्दयाद्यांच्या मानकात नेमकी हीच सोय आहे. त्या शब्दांची उतरंड लावली, तूर कडधान्यात नि कडधान्य पिकांत, की वर्गीकरण झालं.

वर्गीकरण आणि ऑन्टॉलॉजी यांत मात्र पुष्कळांची गल्लत होते. ऑन्टॉलॉजीत नुसती उतरंड नसते, नाती आणि त्यांचे नियम असतात. एका गटाचे (म्हणजे गट क्रमांक असलेल्या जमिनीच्या तुकड्याचे) खातेदार अनेक असू शकतात, एका खातेदाराचे गटही अनेक. हा नियम न मांडता सामाईक खात्यातली तीन नावं तीन ओळींत टाकली आणि प्रत्येकीपुढे २ हेक्टर लिहिलं, तर बेरीज ६ हेक्टर येते. क्षेत्र गटाच्या तक्त्यात एकदाच, नावं खातेदारांच्या तक्त्यात, आणि कोणाचा कोणत्या गटाशी संबंध आहे ते तिसऱ्या तक्त्यात.